गड त्यांचे आणि लेणी आपली? लोहगड-विसापूरच्या धारेवरून



आपल्या चळवळीत डोंगर चढण्याचा विषय काढला की दोन उत्तरं ठरलेली असतात. पहिलं, "ट्रेकिंग हे पोट भरलेल्यांचं काम आहे, आपल्या पोरांना आधी नोकरी लागू द्या." दुसरं, "जायचंच असेल तर लेण्यांवर जा, गडावर आपलं काय आहे?" पहिलं उत्तर ज्येष्ठ कार्यकर्त्यांकडून येतं, दुसरं तरुणांकडून. मला दोन्ही मान्य नाहीत. का नाहीत ते पुस्तकी भाषेत मांडता आलं असतं, पण गेल्या डिसेंबरात आमच्या अभ्यासिकेतल्या सोळा मुलामुलींना घेऊन मी लोहगडावरून विसापूरवर आणि तिथून भाज्याच्या लेण्यांत उतरले. त्या दिवसाच्या आधारानेच बोलते.

आधी पहिल्या उत्तराचा समाचार घेऊ. मी पिंपरी-चिंचवडच्या एका वस्तीत काम करते. आमच्या अभ्यासिकेत येणारी मुलं सुट्टीच्या दिवशी काय करतात, याची मी एकदा वहीत नोंद केली होती, समाजशास्त्र शिकल्याची खोड म्हणा. मुली पाणी भरतात, धुणं धुतात, धाकट्यांना सांभाळतात, आईबरोबर कामाला जातात. मुलं केटरिंगमध्ये वाढप्याचं काम करतात, गॅरेजला जातात, नाहीतर कोपऱ्यावर उभी राहतात. 'फिरायला जाणं' हा रकाना जवळजवळ कोराच राहिला. लग्नाला गावी जाणं, सहा डिसेंबरला चैत्यभूमी, एक जानेवारीला कोरेगाव. प्रवास आहे, पण तो कर्तव्याचा आहे. निव्वळ पायाला आणि डोळ्याला हवं म्हणून चालणं त्यात नाही.

ही काही आपोआप घडलेली गोष्ट नाही. जमिनीसारखीच फुरसतही जातीनुसार वाटली गेली. बाबासाहेबांनी गांधीवादाची चिकित्सा करताना यंत्राची बाजू घेतली, ती याच मुद्द्यावर. यंत्रामुळे माणसाचे कष्ट वाचतात, त्याला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय संस्कृती उभी राहत नाही, पशू आणि माणूस यांत फरक पडतो तो तिथेच, असा त्यांचा युक्तिवाद होता. मग फुरसत ही चैन आहे असं आपल्याच मुलांना आपण कोणत्या तोंडाने सांगायचं? नोकरी लागल्यावर डोंगर चढू, असं म्हणणारा माणूस नोकरी लागल्यावर हप्ते फेडत बसतो. मी तीच पिढी आहे, मला माहीत आहे.

खर्च म्हणाल तर लोकलचं तिकीट, गडाचं तिकीट, घरून बांधून आणलेल्या चपात्या आणि ठेचा. बूट सगळ्यांकडे नव्हते. शाळेचे पांढरे कॅनव्हास चालले. एक मुलगी सँडल घालून आली होती, तिला दुसरीने भावाचे बूट आणून दिले, पुढे कागद कोंबून. माणशी दीड लिटर पाणी हा नियम मात्र मी सक्तीने पाळायला लावला. पाण्याबद्दल पुढे बरंच बोलायचं आहे.

पुण्याहून लोणावळ्याला जाणारी लोकल आपल्या लोकांनी एकदा तरी खिडकीत बसून नीट पाहायला हवी. पिंपरीनंतर थोड्याच वेळात देहूरोड येतं. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथल्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना केली, म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. पुढे तळेगाव, जिथे बाबासाहेबांचा बंगला आहे. कामशेत गेलं की डाव्या हाताला दोन डोंगर दिसायला लागतात, एक लांबट आणि सपाट माथ्याचा, दुसरा त्याच्यामागून डोकावणारा. मळवलीला उतरायचं. तिथून उत्तरेला कार्ल्याचं लेणं, दक्षिणेला भाज्याचं, आणि जरा दूर बेडसे. म्हणजे या एका लोहमार्गावर आपला दोन हजार वर्षांपूर्वीचा आणि सत्तर वर्षांपूर्वीचा, असा दोन्ही इतिहास स्टेशनं मोजत मोजत भेटतो. आमच्यातल्या बहुतेक मुलांनी ही लोकल पाहिली होती ती कामाला जाणाऱ्या बापाला सोडायला.

मळवलीहून द्रुतगती महामार्गावरचा पूल ओलांडला की भाजे गाव. लेण्यांच्या पायऱ्या डाव्या हाताला दिसतात. त्या आम्ही परतीसाठी ठेवल्या आणि घाटाच्या रस्त्याने गायमुख खिंडीकडे चढलो. ही खिंड नीट समजून घ्या, कारण माझा सगळा मुद्दा तिच्याभोवती आहे. लोहगड आणि विसापूर हे दोन वेगळे डोंगर नाहीत. एकच डोंगररांग आहे, मध्ये ती जरा वाकते, खाली येते, आणि पुन्हा वर उठते. तो वाकलेला भाग म्हणजे गायमुख खिंड. उजवीकडे वळलात तर लोहगड, डावीकडे वळलात तर विसापूर. लोहगड साडेतीन हजार फुटांच्या जरा खाली, विसापूर जरा वर.

लोहगडाची वाट सोपी आहे. दगडी पायऱ्या, एकामागून एक चार दरवाजे: गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा. वाट अशी वळवली आहे की खालून येणारा माणूस सतत वरच्याच्या माऱ्यात राहावा. गणेश दरवाजाच्या बुरुजाखाली एका कुटुंबातल्या स्त्री-पुरुषाचा बळी दिला आणि बदल्यात वंशजांना खालच्या वाडीची पाटीलकी दिली, अशी आख्यायिका सांगतात. खरी की खोटी, मला त्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की दगड टिकावा म्हणून माणूस गाडावा लागतो ही कल्पना लोकांना पटत होती आणि अजून ती कौतुकाने सांगितली जाते. आमच्यातली नर्सिंगला असलेली मुलगी म्हणाली, "ताई, पाटीलकी मिळाली हे ठीक, पण त्या बाईला कुणी विचारलं होतं का?" मी म्हटलं, हा प्रश्न वहीत लिहून ठेव.

महादरवाजापाशी आम्ही दम खात बसलो असताना दुसरा एक गट आला. भगवे फेटे, झेंडा, सोबत इतिहास सांगणारे एक गृहस्थ, पन्नाशीचे असतील. माणूस चांगला होता, हे आधी सांगते. त्यांनी आमच्या मुलांना खडीसाखर दिली, कुठून आलात विचारलं, गड स्वच्छ ठेवा म्हणाले. मग आमच्यातल्या एका दहावीच्या मुलाला नाव विचारलं. त्याने नाव सांगितलं. "पूर्ण नाव सांग की बाळा." त्याने आडनावासकट सांगितलं. गृहस्थ हसून म्हणाले, "अच्छा, म्हणजे तुम्ही लेणी बघायला आलात. वाटेत गडही करताय, छान."

बस, एवढंच. शिवी नाही, अपमान नाही. एका आडनावावरून त्या माणसाने आम्ही डोंगराच्या कुठल्या भागात असायला हवं ते ठरवून टाकलं. गावात जशी दक्षिणेची की पूर्वेची बाजू ठरलेली असे, तशीच ही डोंगरावरची विभागणी. मुलांपैकी कुणीही त्यांना उलट बोललं नाही. खडीसाखर मात्र कुणी खाल्ली नाही, ती नंतर लक्ष्मी कोठीजवळ मुंग्यांना मिळाली.

लोहगडाच्या माथ्यावर एक सोळा कोनांचं तळं आहे. ते नाना फडणवीसांनी बांधल्याचं सांगितलं जातं. दगडी बांधणी सुबक आहे, उतरायला पायऱ्या आहेत. मी मुलांना तिथे बसवलं आणि पेशवाईतल्या पुण्याबद्दल बोलले. बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन'मध्ये लिहिलेलं ते पुणं, जिथे आपल्या माणसाला पाऊलखुणा पुसायला कमरेला झाडू आणि थुंकायला गळ्यात मडकं बांधावं लागे. ज्या राजवटीत थुंकीचीही सोय वेगळी होती, तिच्या कारभाऱ्याने बांधलेल्या तळ्यावर पाणी कोणी प्यायलं असेल? तळं सुबक आहे म्हणून हा प्रश्न मिटत नाही. आणि हा प्रश्न विचारला म्हणून तळ्याची सुबकताही नाहीशी होत नाही. आपल्या मुलांना या दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात धरता आल्या पाहिजेत.

तिथेच त्यांना दौलताबादची गोष्ट सांगितली. वर्ष १९३४. बाबासाहेब आणि त्यांचे तीसेक सहकारी वेरूळची लेणी पाहण्याच्या दौऱ्यावर होते, वाटेत दौलताबादचा किल्ला. प्रवासाच्या धुळीने अंग माखलेलं, किल्ल्याच्या दरवाजाजवळ पाण्याने भरलेलं लहान टाकं. काहींनी हातपाय, तोंड धुतलं. तेवढ्यात एक म्हातारा ओरडत आला की यांनी टाकं बाटवलं. गर्दी जमली, मारामारीची वेळ आली. शेवटी किल्ल्यात सोडलं ते हत्यारबंद शिपाई सोबत देऊन आणि आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. हा म्हातारा आणि ती गर्दी मुसलमान होती, आणि हिंदूंनी अस्पृश्य ठरवलेला माणूस इतरांनाही अस्पृश्यच वाटतो हे दाखवायला बाबासाहेबांनी हा प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिला. त्यातली एक गोष्ट मी मुलांना मुद्दाम दाखवली. बाबासाहेब लेणी पाहायला निघाले होते, पण वाटेतला किल्ला त्यांनी टाळला नाही. 'हा आपला नव्हे' म्हणून खालून नमस्कार करून ते पुढे गेले नाहीत. महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेऊन सात वर्षं झाली होती, तरी दौलताबादला पुन्हा तोच पाण्याचा प्रश्न उभा राहिला, आणि ते तरीही आत गेले, किल्ला पाहिला.

विंचूकाट्यापर्यंत जाऊन आम्ही परत फिरलो. दक्षिणेला पवना धरणाचं पाणी चकाकत होतं, पलीकडे तुंग आणि तिकोना. "हे आपलं नळाचं पाणी," मी म्हटलं. मुलांना आधी खोटंच वाटलं. दिवसाआड येणारं, बारीक धारेचं, रांगेतलं ते पाणी इथून येतं आणि इथे ते इतकं आहे? याच पाण्याची बंद जलवाहिनी शहराकडे नेण्याला विरोध करणाऱ्या मावळच्या शेतकऱ्यांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी गोळीबार झाला, तिघे गेले, हेही सांगितलं. आपण वस्तीत पाण्याचं आंदोलन करतो तेव्हा धरणाच्या काठावरचा माणूस आपल्या डोळ्यासमोर नसतो. डोंगरावरून दोघेही एका नजरेत येतात, एवढा एक फायदा डोंगर चढण्याचा मी नक्की सांगेन.

गड उतरून लोहगडवाडीत ताक प्यायलो आणि खिंडीच्या धारेवर आलो. इथे तो दहावीचा मुलगा माझ्याशेजारी चालायला लागला. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "ताई, ते काका बरोबरच बोलले ना? लेणी आपली आहेत. गड त्यांचे आहेत. आपण कशाला त्यांच्यात घुसायचं?"

त्याच्या बोलण्यात चीड नव्हती, उलट एक समाधान होतं. आपल्यालाही काहीतरी मिळालंय, वाटणी झाली, भांडण मिटलं, असं. हे समाधान मला त्या काकांच्या प्रश्नापेक्षा जास्त घाबरवतं. गेल्या पंधरा-वीस वर्षांत आपल्या तरुणांनी लेण्यांच्या संवर्धनाचं मोठं काम केलं आहे. लिपी शिकले, स्वच्छता मोहिमा काढल्या, नोंदी केल्या, लेण्यांवर झालेल्या अतिक्रमणांविरुद्ध अर्ज केले. त्याबद्दल मला नितांत आदर आहे. पण याच कामाच्या आडून एक वाटणीची भाषा शिरली आहे: तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला. वाटणी करायला कुणी बसवलं आणि कागद कुणी लिहिला, हे विचारायचं राहून जातं. या वाटणीत आपल्या वाट्याला येतो तो फार जुना काळ, आणि मधली पंधराशे वर्षं आपण स्वतःहून सोडून देतो. जणू त्या काळात आपण नव्हतोच.

आपण होतो. गडाच्या घेऱ्यावर, मेटांवर, रात्रीच्या पहाऱ्यावर महार, रामोशी, बेरड, कोळी, मांग होते, हे ग्रँट डफसारख्या इंग्रज इतिहासकारालाही दिसलं होतं. लाकूडफाटा, गवत, चुना, दगड वर नेणारे कोण होते हे सांगायला तर इतिहासकारही नको. गडावर कोणाची सत्ता होती याचं उत्तर एक आहे. गड कोणाच्या अंगमेहनतीवर उभा होता याचं उत्तर वेगळं आहे. पहिल्या उत्तराला घाबरून दुसरं सोडून देणं हा आपल्याच पूर्वजांवर अन्याय आहे.

त्या मुलाला मी हे इतकं सगळं सांगितलं नाही. त्याला मार्च १८१८ सांगितला. १ जानेवारीला कोरेगाव झालं, ते त्याला तोंडपाठ होतं. त्यानंतर दोन महिन्यांनी इंग्रजांची फौज या डोंगरावर आली. त्यांनी आधी लोहगडाला हात लावला नाही. आधी विसापूर घेतला. विसापूर उंच, तिथून लोहगड तोफेच्या टप्प्यात. विसापूर पडला आणि दुसऱ्याच दिवशी लोहगड न लढता रिकामा झाला. "म्हणजे एक सोडला की दुसरापण जातो," तो म्हणाला. मी काही बोलले नाही. तो पुढच्या मुलांना गाठायला धावला आणि त्यांना हेच, जरा मीठमसाला लावून, सांगायला लागला.

विसापूरची वाट लोहगडासारखी नाही. धारेवरून झाडीत शिरते, मग मोठमोठ्या धोंड्यांनी भरलेला एक ओढा लागतो, त्यातच जुन्या पायऱ्यांचे अवशेष आहेत. इंग्रजांनी इथले दरवाजे पाडले. पावसाळ्यात हा ओढा धबधबा होतो. डिसेंबरात कोरडा, पण हात टेकल्याशिवाय चढता येत नाही. इथे मुलींनी मुलांना मागे टाकलं. मला आश्चर्य वाटलं नाही. डोक्यावर हंडा घेऊन वस्तीतल्या चढाच्या बोळांतून जाणाऱ्या पायांना तोल सांभाळायला वेगळं शिकवावं लागत नाही. सतरा वर्षांची एक मुलगी, जी पहिल्यांदाच कुठलाही डोंगर चढत होती, सगळ्यांच्या आधी माथ्यावर जाऊन तटावर उभी राहिली आणि तिथून खाली ओरडली, "लवकर या, इथे कुणीच नाही!"

खरंच कुणी नव्हतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत लोहगड आहे. त्याच धारेवरचा विसापूर त्यात नाही, आणि त्याच धारेच्या पायथ्याचं भाजेही नाही. त्यामुळे लोहगडावर सेल्फीची रांग आणि विसापूरवर वारा. पण तट पाहावा तर विसापूरचाच. लांबच लांब, डोंगराच्या कडेकडेने वळत गेलेला. माथा इतका पसरट की फेरी मारायला तास-दीड तास जातो. पिवळं पडलेलं गवत, पाण्याची खोदीव टाकी, आणि एक प्रचंड दगडी चाक, चुन्याच्या घाण्याचं. याच चाकाखाली चुना दळला गेला आणि त्यावर तट उभा राहिला. मुलं त्या चाकाला टेकून जेवली.

आमच्या अभ्यासिकेत फक्त बौद्ध मुलं येत नाहीत. वडार वस्तीतला एक मुलगा आहे, अकरावीचा, अबोल. जेवण झाल्यावर तो एका टाक्याच्या काठावर बराच वेळ वाकून बसला होता. मी गेले तर बोटाने दगडावरच्या तिरक्या रेषा दाखवत होता. म्हणाला, "टाकीचे घाव आहेत, ताई. बाबा पाट्याला टाकी लावतात तेव्हा हात असाच तिरका पडतो. सरळ मारली तर दगड फुटतो." टाकं आणि टाकी, दोन्ही शब्द एकमेकांना इतके चिकटलेले आहेत हे मला मराठी शाळेत शिकूनही तोवर कधी सुचलं नव्हतं.

भाज्याच्या बाजूने उतरणारी वाट घसाऱ्याची आहे, काठी हवीच. लेण्यांपाशी पोहोचलो तेव्हा ऊन तिरकं होऊन थेट चैत्यगृहात शिरलं होतं. भाज्याची लेणी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या लेण्यांपैकी. बावीस लेणी आहेत. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत, दगडाच्या नव्हे, खऱ्या लाकडाच्या, आणि त्यांतल्या काही दोन हजार वर्षांपूर्वीच्या. मुलांनी माना वर करून पाहिलं आणि थोडा वेळ कुणीही फोन काढला नाही. पुढे चौदा स्तूपांचा समूह आहे, तिथे इथल्या थेरांची नावं कोरली आहेत: अंपिकिनक, धमगिरी, संघदिन. मुलांनी ती मोठ्याने वाचली. लिपी शिकलेली दोनच मुलं होती, बाकीची त्यांच्यामागून म्हणत गेली.

वडारांचा मुलगा भिंतीशी गेला, हात फिरवला, आणि मागे वळून म्हणाला, "तेच घाव." मला यातून एकाच माणसाने गड आणि लेणी खोदली असं म्हणायचं नाही, शतकांचं अंतर आहे. पण दगड तोच, हत्यार तेच, आणि हत्याराला हात लावणारा समाजाच्या उतरंडीत बहुधा तिथेच. 'लेणी आपली, गड त्यांचे' ही वाटणी राजे आणि भिक्खू यांच्या दिशेने पाहिलं तर जमते. घावांच्या दिशेने पाहिलं तर जमत नाही.

इथे आपल्याच काही मित्रांशी माझा वाद आहे. ते याच्या उलट टोकाला जातात, डोंगरातलं प्रत्येक भोक बौद्ध लेणं म्हणून जाहीर करतात. लोहगडाच्या कड्यातही एक जुनं लेणं आहे, ब्राह्मी लेख असलेलं. अभ्यासक त्याचा संबंध जैन श्रमणांशी जोडतात. मग जैन म्हणा. त्यात आपलं काय जातं? त्यांनीही आपल्या थेरांसारखंच वेदप्रामाण्य नाकारलं, एकाच डोंगरात वस्सावास केला, एकाच पावसाचं पाणी साठवलं. खोटा दावा करून आपण फक्त समोरच्याला आपला खरा दावा नाकारायची संधी देतो.

शेवटी मी मुलांना पाण्याच्या टाक्याकडे नेलं. भाज्यात एका टाक्यावर लेख आहे. महारठी कोसिकीपुत विण्हुदत याने हे टाकं दान दिलं, एवढाच त्याचा आशय. टाक्याला शब्द वापरला आहे 'पोढी' आणि दानाला 'देयधम'. विण्हुदत म्हणजे विष्णुदत्त. नाव विष्णूचं, दान संघाला, हेही पाहून ठेवा, म्हणजे त्या काळाला आजच्या चौकटीत कोंबताना हात जरा अडखळेल. पदवीने तो महारठी, सत्तेतला माणूस. त्याने डोंगरात पाणी साठवलं आणि ते कोणी प्यावं याची अट लिहिली नाही. दगडात अट कोरायला जागा होती. समोरच्या दरीपलीकडे कार्ल्याला तर दान देणाऱ्यांत एक अत्तर विकणारा गंधिक आहे, एक सुतार आहे, परदेशी यवन आहेत. ज्याचं जे काम, त्याच्या नावापुढे तेच, लाज नाही.

नर्सिंगच्या मुलीने वही काढली. सकाळच्या 'त्या बाईला कुणी विचारलं होतं का' या प्रश्नाखाली तिने लिहिलं: सोळा कोनांचं तळं, दौलताबादचं टाकं, चवदार तळं, पवना, पोढी. एकाखाली एक. मग म्हणाली, "ताई, सकाळपासून आपण पाण्याच्याच मागे फिरतोय."

पहारेकऱ्याने शिट्टी वाजवली, बंद व्हायची वेळ झाली होती. पायऱ्या उतरताना दहावीच्या मुलाने पुढची सहल कुठे असं विचारलं. कुणी कार्ले म्हणालं, कुणी बेडसे. तो म्हणाला, दौलताबाद. खर्च किती येईल, रेल्वेने जायचं की एसटीने, राहायचं कुठे, यावर मळवली स्टेशनपर्यंत वाद चालला. शेवटी असं ठरलं की दर महिन्याला माणशी पन्नास रुपये जमा करायचे, हिशोब नर्सिंगच्या मुलीकडे. वडारांच्या मुलाने आपल्या वडिलांना न्यायचं का असं हळूच विचारलं, त्यांना देवगिरीचा तासलेला कडा बघायला आवडेल म्हणून. त्यांचंही नाव वहीत लिहिलं.

लोकलमध्ये निम्मी मुलं उभ्याउभ्या झोपली. सगळ्यांच्या आधी माथ्यावर पोहोचलेली ती मुलगी दारातल्या दांड्याला धरून जागी होती. सारखं घड्याळ बघत होती, घरी पोहोचायला उशीर नको होता. दुसऱ्या दिवशी पाण्याचा वार होता, आणि नळ पहाटे साडेचारला येतो.